नमस्कार वळण

हातात दंताळं नसलेली मावशी कुणी कधी पाहिली नव्हती. चौदा दातांचं, लोखंडी, तिच्याहून चार बोटं उंच असं ते दंताळं खांद्यावर टाकून ती सकाळी घरातून निघायची. म्हणून सायकलवाले तिला दंताळेमावशी म्हणायचे. नाव ऐकून नवा माणूस आधी तिच्या दातांकडे बघायचा. दात अगदी सरळ होते आणि हसली की सगळेच्या सगळे दिसायचे, कारण हसण्यात मावशीने कधी काटकसर केली नाही.

वाट कागदोपत्री मार्ग कार्यालयाची होती, पण तिथल्या कुणालाही विचारलं तर त्याने मावशीचंच नाव सांगितलं असतं. एके काळी डोंगरातल्या खाणीतून दगड वाहून आणणारी छोटी गाडी या वाटेने धावायची. खाण संपली, गाडी थांबली, रूळ उचलून नेले. उरली ती रानातून वळसे घेत, डोंगराच्या कडेकडेने चढत जाणारी खडीची पट्टी. पुढे कुणाला तरी सुचलं की ही सायकलींसाठी राखावी. दोन्ही टोकांना जाड खांब रोवून मोटारींना मनाई केली आणि लांबलांबून लोक सायकली घेऊन येऊ लागले. इथे मागून हॉर्न वाजत नाही, तोंडावर धूर येत नाही. ऐकू येतं ते टायरखालचं खडीचं करकरणं, झाडांतले पक्षी आणि चढावर आपल्याच छातीचा भाता.

वाटेचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याला एक मार्गरक्षक नेमला होता. मावशीच्या वाट्याला नऊ किलोमीटर. दर अर्ध्या किलोमीटरला एक नंबर घातलेला दगड, असे अठरा दगड. पडलेली फांदी उचलायची, पाण्याच्या चाऱ्या मोकळ्या करायच्या, पानं ओढायची, खडी सारखी करायची. आज खालचे नऊ दगड, उद्या वरचे नऊ. बारा वर्षं हे सगळं तिने पायी केलं. कुणी विचारलं, “मावशी, कशाने जाता?” की ती म्हणायची, “अकरा नंबरच्या बसने,” आणि आपले दोन पाय दाखवायची.

खडीचं काम तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. तिचा बाप त्याच छोट्या गाडीच्या रुळांवर गँगमन होता. लहानपणी ती त्याच्या डब्याबरोबर रुळांवर जायची आणि दुपारभर त्याच्या मागे फिरायची. बाप मितभाषी होता, पण खडीबद्दल बोलायला लागला की थांबायचा नाही. “खडी मोकळी पाहिजे, पोरी. तिला श्वास घेता आला पाहिजे. दाबून बसली की पाणी धरते, पाणी धरलं की रूळ खचतो.” असं म्हणत तो रुळाकडेची खडी दंताळ्याने विंचरून सरळ करायचा. आताचं दंताळं त्याचंच. दांडा दोनदा बदलला होता, दात तेच.

तर मावशीने बारा वर्षं खडीला श्वास घेऊ दिला. आणि सगळ्यांत जास्त मोकळा श्वास घेत होतं ते अकरा नंबरच्या दगडाजवळचं वळण.

तिथे वरून दीड किलोमीटर सलग उतार येतो आणि वाट एकदम डावीकडे वळते. उजवीकडे झाडं जरा बाजूला होतात आणि खालची दरी, पलीकडची टेकडी, तिच्यावरचं रान असं सगळं एकदम समोर येतं. इतकी सुंदर जागा, मग तिथली खडीही तशीच हवी. मावशी तिथे तास तास घालवायची. वळणाच्या गोलाईप्रमाणे दंताळ्याच्या चौदा रेघा अशा काही ओढायची की वाटावं, नुकतंच न्हाऊन कुणी भांग पाडलाय. सायकलवाले त्या जागेला ‘नमस्कार वळण’ म्हणायचे. मावशी बहुतेक तिथेच असायची आणि येणारा प्रत्येक जण “नमस्कार, मावशी” म्हणायचा, त्यावरून ते नाव पडलं अशी तिची समजूत होती. नवऱ्याला तिने हे दोनतीनदा सांगितलं होतं. “माझ्या नमस्कारावरून वळणाला नाव पडलंय, अहो. लोकांच्या नावाने चौक असतात, माझं वळण आहे.”

नवरा शिंपी. घराच्या पुढच्या खोलीत त्याचं मशीन, तोंडात बहुधा टाचण्या. त्यामुळे तो हसला की नाही हे नीट कळायचं नाही.

त्या वळणावर माणसं पडायची, हेही खरं. उतारावरून येणार, पोरकटपणा करणार, पडणार. मावशीकडे पत्र्याचा औषधांचा डबा असायचा. ती गुडघे पुसायची, पट्टी बांधायची, थर्मासमधला चहा द्यायची आणि प्रेमाने रागवायची, “एवढी घाई कशाची रे बाळा? दरी कुठे पळून जातेय का?” मग घटनांच्या वहीत तारीख, दगडाचा नंबर आणि कारण लिहायची. कारणाच्या रकान्यात एकच शब्द असायचा: घाई. पडणाऱ्याने उसकटलेली खडी मग ती पुन्हा विंचरून ठेवायची, आधीपेक्षा जरा जास्तच मोकळी.

एवढं सगळं सुरळीत चाललेलं असताना कार्यालयाचं पत्र आलं.

पत्र घेऊन आली तिची नणंदच. नणंद टपालात होती. अठ्ठावीस वर्षं सायकलवरून पत्रं वाटून तिच्या पोटऱ्या अशा झाल्या होत्या की भाऊ तिच्या पँटींना नेहमी दोन इंच जास्त कापड धरायचा. राहायची याच घराच्या वरच्या खोलीत, पण कार्यालयाचं पत्र असलं की ती खालच्या दारावर उभी राहून सही घ्यायची.

“वहिनी, सही कर.”

“वन्सं, तुम्ही घरातच राहता ना?”

“घरात नणंद राहते. हे टपाल खात्याचं माणूस आहे.”

मावशीने सही केली आणि पत्र उघडलं. यापुढे प्रत्येक मार्गरक्षकाने आपला पूर्ण टप्पा एका दिवसात जाऊन-येऊन सायकलवर तपासायचा होता. वाटेवर गर्दी वाढली होती, कुणी पडलं तर पायी पोचायला दीड दीड तास लागत होता. आठ आठवड्यांनी कार्यालयाच्या इंजिनियरबाई प्रत्येकाबरोबर एक चाचणी फेरी करणार होत्या. ज्यांना जमणार नाही त्यांना खालच्या फाटकावर बसायचं काम मिळेल. फाटकावर एक केबिन, केबिनमध्ये एक खुर्ची, आणि आत जाणाऱ्या प्रत्येक सायकलीमागे दाबायचं एक बटण.

मावशीने पत्र दोनदा वाचलं आणि घडी घालून डब्याखाली ठेवलं. तिला सायकल येत नव्हती.

“बटण दाबायचं काम वाईट नाही,” नवरा टाचण्यांमधून म्हणाला. “सावली आहे, पंखा असेल.”

“मला खुर्चीत बसवणार,” मावशी म्हणाली. “नऊ किलोमीटरचं रान सोडून चार फुटांची केबिन. त्यापेक्षा तुमच्या मशीनखाली चिंध्यांच्या टोपलीत बसते.”

“टोपलीत जागा नाही,” नवरा म्हणाला, पण टाचण्या काढून. तो टाचण्या काढून बोलला म्हणजे त्याला गांभीर्य कळलं आहे, एवढं मावशीला चाळीस वर्षांच्या संसारात समजलं होतं.

नणंद अजून दारातच उभी होती. “अठ्ठावन्नाव्या वर्षी सायकल शिकायची तर शिकवणारी कशी हवी, माहितेय? सख्खी नको. सख्खं माणूस दया करतं.”

“म्हणून तुम्ही?”

“म्हणून मी.”

शिकवणी बंद पडलेल्या गोदामाच्या अंगणात सुरू झाली. फरशी सपाट, तीन बाजूंना भिंती, बघणारं कुणी नाही. नणंदेची जुनी टपालाची सायकल भक्कम होती, पुढे पत्रांची टोपली होती. पहिल्या दिवशी मावशीने ओचा खोचला आणि विचारलं, “आता चढायचं कसं?”

“चढायचं नंतर. आधी उतरायचं.”

“न चढता उतरू कशी?”

“टपाल खात्यात आधी उतरायला शिकवतात. चढायला कुत्रं शिकवतं.”

आणि खरंच, पहिला आठवडा मावशी फक्त उतरायला शिकली. नणंद सायकल धरायची, मावशीला बसवायची, चार पावलं ढकलायची आणि म्हणायची, “उतर.” डावा पाय जमिनीवर, उजवा मागून, हात ब्रेकवर, नजर सरळ. दिवसाला साठ वेळा. सातव्या दिवशी मावशी अशी उतरायला लागली जशी राणी रथातून उतरते. फक्त रथ हाकता येत नव्हता.

दुसऱ्या आठवड्यात नणंदेने पाना घेतला आणि दोन्ही पेडल काढून टाकले.

“वन्सं, सायकल मोडायला निघालात का?”

“बस आणि चाल.”

“बसून चालू?”

“पाय जमिनीला लागतायत ना? मग बसून चाल. तोल आपोआप येतो. पेडल म्हणजे नुसती हाव.”

मावशी बसून चालली. गोदामाच्या अंगणात भिंतीपासून भिंतीपर्यंत, बदकासारखी. हळूहळू पावलं लांब पडायला लागली. मग दोन पावलांमध्ये पाय हवेत राहायला लागले, एकदा तीन फरश्या, एकदा सहा. नणंद पायरीवर बसून फरश्या मोजायची आणि मध्येच ओरडायची, “पुढे बघ.”

“पुढे काय आहे बघायला?”

“भिंत.”

मावशी भिंतीला लागली. शिंपीनवऱ्याने संध्याकाळी मापाची टेप आणली आणि तिच्या गुडघ्यांची मापं घेतली. “बसल्यावरचं घेऊ की पडल्यावरचं?” त्याने विचारलं. दुसऱ्या दिवशी मावशीसाठी नवी पँट तयार होती आणि तिच्या गुडघ्यांवर आतून कापूस भरलेले दोन गोल शिवलेले होते, वर छान टाक्यांची नक्षी. मावशी ते घालून उभी राहिली तर नणंद म्हणाली, “दादा, गुडघ्यांच्या उशा झाल्या. आता अभ्रे शिव.”

चौथ्या आठवड्यात पेडल परत लागले. पाचव्यात मावशी अंगणाला गोल फेऱ्या मारायला लागली, फक्त डावीकडून, कारण उजवीकडे वळायला तिचं मन धजत नव्हतं. सहाव्यात उजवीकडेही जमलं. सातव्या आठवड्याच्या रविवारी नणंद म्हणाली, “चल. वाटेवर.”

दोघींनी सायकली ढकलत चौदा नंबरच्या दगडापर्यंत नेल्या. सकाळची वेळ होती, नेच्यांवर दव होतं. मावशी सायकलवर बसली, ब्रेकवर बोटं ठेवली आणि सोडली.

बारा वर्षं जी वाट तिने पावलापावलाने ओळखली होती, ती आज सरळ तिच्याकडे चालत येत होती. तिला काही करावंच लागत नव्हतं. ती जुनी चारी आली आणि गेली, शेवाळाने हिरवा झालेला पूल आला आणि गेला, उजवीकडचा वाकडा वृक्ष, जिथे ती डबा खायला बसायची, नुसता मान डोलावून मागे पडला. कानात वारा भरला. पायाखाली खडी करकरत होती, पण तो आवाज वेगळा होता. चालताना ती घास चावल्यासारखी वाजायची, आता एक लांबच लांब कापड फाडल्यासारखी. मावशीला हसू आलं. एकटीच, दात दाखवत, रानातून खाली येणारी बाई. ‘बटण दाबणाऱ्यांनो, बघा,’ ती मनात म्हणाली.

मागून नणंदेचा आवाज आला. “वहिनी, पुढे अकरा नंबर. उतर आता.”

उतरायचं कशाला? अकरा नंबरला तर तिचं वळण होतं. काल संध्याकाळीच तिने ते मन लावून विंचरलं होतं. चौदा रेघा, दवाने ओल्या, सकाळच्या उन्हात चमकत होत्या. मावशीने हँडल डावीकडे वळवलं.

हँडल वळलं. सायकल वळली नाही. पुढचं चाक त्या मोकळ्या, श्वास घेणाऱ्या खडीत चार बोटं रुतलं, तिरकं झालं आणि तसंच सरळ दरीच्या दिशेने घसरत गेलं. मागचं चाक आडवं आलं. दुसऱ्या क्षणी मावशी पालथी पडली होती, दोन्ही हात पुढे, कपाळ खडीला टेकलेलं, टोपी पुढे गेलेली. साष्टांग.

कापसाचे गुडघे कामी आले होते. हाताला थोडं खरचटलं होतं. मावशीने मान वर केली, तर नणंद वळणाच्या अलीकडेच सायकलवरून उतरून, ती ढकलत शांतपणे येत होती.

“लागलं?”

“नाही. तुम्ही का उतरलात?”

“मी इथे नेहमी उतरते.”

“नेहमी? का?”

नणंदेने सायकल झाडाला टेकवली आणि जरा इकडेतिकडे पाहिलं, जसं कुणाच्या घरी वाईट बातमीचं पत्र द्यायचं असलं की बघायची. “सगळेच उतरतात, वहिनी. अकरा नंबरला अकरा नंबरची बस, असं म्हणतात. जे उतरत नाहीत ते नमस्कार घालतात.”

मावशी खडीतच उठून बसली. एकेक शब्द तिच्या डोक्यात जागच्या जागी जाऊन बसत होता, कुलपातल्या खिट्ट्यांसारखा.

“म्हणजे नमस्कार वळण म्हणजे...”

“हो.”

“माझ्यावरून नाही?”

“तुझ्यावरूनही म्हणता येईल,” नणंद म्हणाली. “खडी तूच मोकळी करतेस.”

“आणि बारा वर्षांत कुणी मला सांगितलं नाही?”

“कसं सांगणार? माणूस पडला की तू डबा घेऊन धावतेस. फुंकर घालून औषध लावतेस, चहा देतेस. तो उठतो तर तू त्याच्या डोळ्यांदेखत खडी विंचरत असतेस, इतकी मन लावून. कोण म्हणेल की बाई, हेच थांबवा? मीच नाही म्हणाले, तर परक्याने काय म्हणावं?”

“तुम्ही का नाही म्हणालात?”

“भावजयीची चूक काढली की नणंदपणा होतो,” नणंद म्हणाली. “जगाची चूक काढावी, घरात शांतता ठेवावी.”

मावशी त्या दिवशी थेट घरी गेली. घटनांची वही काढून बसली. बारा वर्षांत वाटेवर पडलेली माणसं त्रेसष्ट. अकरा नंबरच्या दगडाजवळ त्यांतली चव्वेचाळीस. आणि प्रत्येकापुढे तिच्या स्वतःच्या गोल अक्षरात: घाई, घाई, घाई. एका पानावर तर तिने त्याखाली रेघही मारली होती. त्या दिवशी पडले होते एक आजोबा, सत्तरीचे, चालण्याच्या वेगाने येणारे. त्यांनासुद्धा तिने सांगितलं होतं, या वयात एवढी घाई शोभत नाही.

नवऱ्याने मशीन थांबवलं. “पत्र कसलं आलंय परत?”

टेबलावर दुसरं पत्र होतं, कालच आलेलं. चाचणीची तारीख आणि खाली एक ओळ: अकरा नंबरच्या दगडाजवळचं वळण मुळातच धोकादायक असल्याने तिथे ‘सायकलवरून उतरा’ अशी कायमची पाटी लावण्यात येईल.

“मुळातच धोकादायक,” मावशी म्हणाली. “वळण बिचारं काय करेल? मुळात मी आहे.”

“मग?”

“मग काय. नऊ दिवस आहेत.”

त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर तिला बापाचं म्हणणं आठवत राहिलं. खडीला श्वास घेता आला पाहिजे. बाप चुकला नव्हता. त्याची खडी रुळांखाली होती, तिच्यावर चाक कधी चढलंच नाही. चाकाला खाली लोखंड होतं. तिच्या खडीवर रबर चालत होतं, थेट, उघडं. रूळ गेले, पण दंताळं राहिलं, आणि दंताळ्याबरोबर एक खरी गोष्ट चुकीच्या जागी येऊन बसली. हे कळल्यावर तिला रडू यायला हवं होतं. आलं हसूच. चव्वेचाळीस माणसांना आपण लोळवलं आणि वर चहा पाजला.

दुसऱ्या दिवसापासून अकरा नंबरवर काम सुरू झालं. तिने दंताळं उलटं धरलं आणि सगळी मोकळी खडी कडेला ओढून काढली. खाली जुना घट्ट थर लागला. त्याच्यावर खाणीच्या ढिगातून आणलेली कच पसरली, म्हणजे दगडाचा तो बारीक, पिठासारखा चुरा. झऱ्याचं पाणी मारलं. मग धुमस घेतली. लाकडी दांड्याला लोखंडी चौकोन लावलेली ती धुमस दोन्ही हातांनी उचलायची आणि आपटायची, उचलायची आणि आपटायची. नणंद पत्रं वाटून झाली की यायची आणि दुसरी धुमस धरायची.

“अठ्ठावीस वर्षं शिक्के मारले,” ती म्हणायची, “हा जरा मोठा आहे, एवढंच.”

तिसऱ्या दिवशी मावशी मध्येच थांबली. वळणाकडे बघत राहिली. तिला बापाची दुसरी गोष्ट आठवली, जी तो दुपारी ठोकणीने खाली खडी ठोकून रूळ वर घेताना सांगायचा. “वळणावर बाहेरचा रूळ उंच ठेवायचा, पोरी. म्हणजे गाडी आत झुकते. बाहेर फेकली जात नाही.” तिने कच पुन्हा उकरली आणि दरीच्या बाजूची कड वीतभर उंच केली, आत उतरती. बापाचं एक म्हणणं तिने मोडलं होतं, त्याची भरपाई त्याच्याच पोतडीतून निघाली. वरून येणारं पाणीही आता आतल्या चारीत सरळ जात होतं, खडीला श्वास घेण्याची गरज उरली नव्हती.

आठव्या दिवशी ती त्या वळणावरून सायकलने गेली. पहिल्यांदा पाय जमिनीला टेकत. दुसऱ्यांदा नुसता ब्रेक धरून. अकराव्यांदा ब्रेक सोडून.

चाचणीच्या दिवशी इंजिनियरबाई वेळेच्या आधीच हजर होत्या. वय मावशीची लेक शोभेल एवढं, डोक्यावर हेल्मेट, सायकलला जाड खाचांचे टायर, हँडलला बांधलेली वही. नवऱ्याने मावशीच्या गुडघ्यांवरचे टाके पुन्हा एकदा तपासले. नणंद म्हणाली, “पुढे बघ,” आणि कामावर निघून गेली, म्हणजे गेल्यासारखं केलं.

जाताना चढ होता. तेरा नंबरनंतर तो असा उभा राहतो की भल्याभल्यांची जीभ बाहेर येते. मावशीची सायकल लटपटायला लागली तशी ती उतरली. डावा पाय जमिनीवर, उजवा मागून, हात ब्रेकवर, नजर सरळ.

इंजिनियरबाई बघतच राहिल्या. “मावशी, असं उतरायला कुठे शिकलात? मला अजून असं जमत नाही.”

“टपाल खात्यात,” मावशी म्हणाली. “उतरलं तर चालतं ना? नापास नाही ना करणार?”

“चढावर मीही ढकलते. वेळेत पोचलं की झालं. पाणी प्या.”

अठराव्या दगडापाशी पोचल्या तेव्हा वेळ हाताशी होता. मावशीने वाटेत दोन फांद्या उचलल्या होत्या, एक चारी मोकळी केली होती आणि एका पंक्चर झालेल्या पाहुण्याला ठिगळ लावून दिलं होतं. शिंप्याची बायको, ठिगळात हात बसलेला. इंजिनियरबाई प्रत्येक वेळी वहीत काहीतरी लिहीत होत्या. काय, ते दिसत नव्हतं.

मग परतीचा उतार. चौदा, तेरा, बारा. मावशी पुढे, इंजिनियरबाई मागे. वळण दिसायला लागलं. वळण आपण बांधलंय ते नीट आहे, हे तिला माहीत होतं. पण इथे पडलो तर नुसती खुर्ची मिळणार नाही, पाटीही लागेल, आणि पाटीवर लिहिलेलं खोटं कायमचं खरं होऊन बसेल. तिने पुढे पाहिलं. हँडल फार वळवलं नाही, नुसती आत झुकली. उंच केलेल्या कडेने तिला सांभाळून घेतलं, जणू खालून कुणीतरी तळहात लावून तिला वळवून दिलं. करकर थांबली, मऊ सळसळ झाली, दरी एकदा डोळ्यांसमोरून फिरली आणि मावशी वळणाच्या पलीकडे होती.

ती उतरली, वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

थोड्या वेळाने वळणावरून इंजिनियरबाई आल्या. पायी, सायकल ढकलत.

“उतरलात का?” मावशीने विचारलं.

“सवय,” त्या जरा ओशाळून म्हणाल्या. “मागच्या वर्षी मी इथे...” त्यांनी कोपर वर केलं. कोपरावर एक जुना पांढरा व्रण होता. “तुम्हीच पट्टी बांधली होतीत. म्हणाला होतात, इंजिनियरने तरी घाई करू नये.”

मावशीने जीभ चावली. मग पिशवीतून घटनांची वही काढून त्यांच्या हातात दिली. चव्वेचाळीस ठिकाणी ‘घाई’वर एक आडवी रेघ होती आणि पुढे त्याच गोल अक्षरात लिहिलं होतं: दंताळं.

इंजिनियरबाईंनी पानं उलटली. मग सायकल आडवी टाकून त्या वळणावर गेल्या, उकिडव्या बसल्या, अंगठ्याने कच दाबून पाहिली, डोळा बारीक करून कडेची उंची बघितली. “हा बाहेरचा उंचवटा कुणी सांगितला?”

“वडिलांनी.”

“कुठे असतात ते?”

“आता नाहीत. रुळांवर होते.”

“त्यांनी आमच्या सगळ्या वर्गाला शिकवायला हवं होतं,” त्या म्हणाल्या आणि सायकल घेऊन पुन्हा चढ चढून गेल्या. दोन मिनिटांनी वळणावरून आल्या त्या बसूनच, आणि पलीकडे पोचल्यावर त्यांच्या तोंडातून नुसता ‘अहाहा’ निघाला. मग त्यांनी वहीतली ती ओळ मावशीला दाखवली: ‘मार्गरक्षक सायकलवर, अभियंता पायी. पाटीची गरज नाही.’

झाडामागून कुणीतरी खाकरलं. टपालाची सायकल धरून नणंद उभी होती.

“वन्सं, तुम्ही कामावर गेला होतात ना?”

“या बाजूला एक पत्र होतं,” नणंद म्हणाली. रानात कुणाचं पत्र, ते तिने सांगितलं नाही. मावशीनेही विचारलं नाही.

आता मावशी रोज पूर्ण नऊ किलोमीटर जाते आणि येते. दंताळं सायकलच्या दांड्याला बांधलेलं असतं, पानं ओढायला. खडीला ते लावत नाही. अकरा नंबरवर आता कुणी उतरत नाही आणि कुणी पडतही नाही. औषधांच्या डब्यातली पट्टी तशीच्या तशी आहे. याचं तिला बरं वाटतं, आणि थोडं वाईटही, कारण पूर्वी पडणारा माणूस निदान चहापुरता थांबायचा. आता लोक झुकून सुसाट निघून जातात आणि जाता जाता हात वर करून ओरडतात, “नमस्कार, मावशी.”

“नमस्कार तोंडाने कर,” ती मागून सांगते. “हात हँडलवर ठेव.”

वळणाचं नाव मात्र बदललं नाही.

“आता तर माझ्यावरूनच आहे ना?” तिने एकदा नवऱ्याला विचारलं.

त्याने आधी टाचण्या काढल्या. “आधीही तुझ्यावरूनच होतं,” तो म्हणाला.